बेंबीच्या उंचीची काठी

माणूस भेटला की कुणी आधी त्याच्या तोंडाकडे बघतं, कुणी पायातल्या बुटांकडे. माझे दाजी लिसिमाको चोकुए पोटाकडे बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा भुकेला तरी असावा नाहीतर चक्रम तरी. मग दाजी खिशातून सुतळी काढायचे, तिचं एक टोक त्या माणसाला पायाच्या अंगठ्याखाली दाबायला सांगायचे, दुसरं बेंबीपर्यंत ताणायचे आणि तिथं गाठ मारायचे. झालं माप. राखणदाराची काठी बेंबीच्या उंचीची हवी. एक बोट जास्त नको, एक बोट कमी नको.

"का पण?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"नाळ पुरलेली असते चुलीपाशी," ते म्हणाले. "माणूस पहाऱ्यावर, चूल घरात. मधे बोलणार कोण? काठी. ती फार उंच झाली तर घराला ऐकू जात नाही."

"आणि बुटकी झाली तर?"

"तर मग तुझ्यासारखी नुसती बडबडते."

दाजींची बायको रोसाउरा माझी थोरली बहीण. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या माणसाला टोमणे मारण्याचं काम माझ्या एकटीच्या अंगावर पडलं आहे आणि ते मी मन लावून करते. मी तोमासा. लोमा पेलादाच्या चौकीवर राखणदारांचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. दाजींबद्दल मी सांगते आहे त्यात माझाही दोष आहे, तो मी झाकणार नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात तीन तऱ्हेच्या बंदुका फिरत होत्या. एक सरकारची, एक रानातल्या टोळ्यांची, एक खालच्या जमीनदारांनी पोसलेल्या माणसांची. तिघांचा प्रश्न एकच, तू कुणाचा? उत्तर काहीही दिलं तरी दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी त्याच उत्तरासाठी मारायचा. पोलीस होते, पण खाली शहरात. वर यायला ते आमच्याहून जास्त घाबरायचे. शेवटी मैदानात सभा भरली, ती तीन दिवस चालली. तरणे म्हणत होते, आपणही बंदुका घेऊ. म्हातारे म्हणाले, घ्या, मग चौथी बंदूक आपली, आणि एक दिवस तीही आपल्यालाच विचारेल, तू कुणाचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात वर झाले आणि काठी ठरली.

दर पाड्यानं सभेत दहा राखणदार निवडायचे. पगार नाही, जेवण घरचं. गळ्यात लाल-हिरवा रुमाल, हातात काठी. काठी घेतलेल्यानं बंदुकीला हात लावायचा नाही, पिऊन पहाऱ्यावर यायचं नाही, बायकोवर हात टाकायचा नाही. चोर सापडला, मारामारी झाली, कुणी कुणाची गाय पळवली, तर राखणदारांनी माणूस सभेपुढे आणायचा आणि सभेनं ठरवायचं. ज्याचं वाईट झालं तो आधी बोलणार, गुन्हेगार त्याच्यानंतर. सभेनं नाव घेतलं की नाही म्हणायचं नाही. हे सगळं आम्हीच ठरवलं आणि आम्हीच पाळत आलो, म्हणून कुणावर रागावायचीही सोय नाही.

पहिल्या दहा काठ्या दाजींनी केल्या. त्यानंतरच्या सगळ्याही त्यांनीच. चोंताचं झाड ताडासारखं उंच, अंगभर काटे. बाहेरचं लाकूड काळं कुळकुळीत आणि टणक, आत नुसता भुसा. त्या बाहेरच्या सालीतून काठी काढायची. कोयत्यानं तासायची, कानशीनं घासायची, फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायची, डुकराची चरबी चोळायची आणि चुलीवरच्या माळ्यावर पंधरा दिवस धुरात ठेवायची. मग भगत तिला वरच्या तळ्यावर नेऊन धुतो. त्याआधी ती नुसती काठी. तळ्यावरून आली की तिला जागा मिळते.

जागा म्हणजे साखळीतली जागा. चौकीपाशी रस्त्याच्या एका अंगाला खडक आहे, दुसऱ्या अंगाला दरी. शिट्टी झाली की दहा जण खडकापासून दरीपर्यंत आडवे उभे राहतात. उजव्या हातात आपली काठी, डाव्या हातात शेजाऱ्याच्या काठीचं टोक. दहा माणसं, दहा काठ्या, आणि रस्ता बंद. काठीनं गोळी अडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण साखळीवर गोळी झाडायची तर कुणावर झाडायची हे बंदूकवाल्याला ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता माणसाचा हात जड होतो. वीस वर्षांत अखंड साखळीवर कुणी गोळी झाडली नव्हती.

एकटादुकटा गाठला तर मात्र झाडायचे. कॉफीच्या मळ्यात, ओढ्यावर, घराच्या दारात. मग ती काठी दाजींकडे परत यायची, असा रिवाज आहे. मेलेल्याच्या घरचं माणूस ती आणून देतं. दाजी तिच्या फिती सोडायचे, तिला चरबी लावायचे आणि चुलीपाशी टेकवून ठेवायचे. पुढं सभा ज्याचं नाव घेईल त्याच्या मापानं ती कापून द्यायची. मरणाऱ्याची काठी मोडत नाही, फक्त आखूड होत जाते.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी तीन काठ्या परत आल्या. तिसऱ्या वेळी मी दाजींकडे गेले तर ते चुलीसमोर बसले होते आणि तिन्ही काठ्या भिंतीला टेकलेल्या होत्या.

"पाहुणे आलेत," ते म्हणाले.

"दाजी, असलं बोलू नका."

"बोलत कुठं आहेत बिचारे? जेवायला पण मागत नाहीत."

मी चुलीवर भांडं ठेवलं आणि कॉफी केली. गुळाचा एक खडा जास्तच टाकला.

जानेवारीत सभा भरली. तिन्ही जागा भरायच्या होत्या. दोन नावं झाली. तिसऱ्यासाठी मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "मारलेनी चोकुए." मारलेनी म्हणजे दाजींची एकुलती एक लेक, माझी भाची. सव्वीस वर्षांची, पाठीवर जाडजूड वेणी, आणि हसायला लागली की दोन शेतांपलीकडे ऐकू यावं. हात वर झाले. माझाही झाला, कारण पोरगी लायक होती आणि न करायला माझ्याकडे कारण नव्हतं. मारलेनी लाजून हसत पुढे गेली. दाजींचा हात वर होता, मी बघितलं. पण नजर खाली होती, आणि सुतळी बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

बाकीच्या दोघांना महिन्यात काठ्या मिळाल्या. परत आलेल्यांतली उरलेली मारलेनीला आखूड पडत होती, म्हणून तिची नवी करायची होती. ती काही होईना.

आधी दाजी म्हणाले, झाड चुकीच्या चंद्राला तोडलं गेलं, लाकडाला कीड लागेल. मग म्हणाले, तासताना चीर गेली. मग कानस बोथट झाली आणि नवी आणायला बाजारात जायला गुडघा दुखत होता. त्याच गुडघ्यानं ते रोज तासभर चढून चोंताच्या रानात जात होते, ते मात्र कुणी विचारू नये.

"आबा, तुम्ही पांगळ्या तेलेस्फोरोची काठी वीस दिवसांत केलीत," मारलेनी म्हणायची. "माझ्या बेंबीत काय एवढं अवघड आहे?"

"घाई केलेली काठी भुंकते, चावत नाही."

"मला चावायची नाहीये. मला उभं राहायचंय."

काठी नाही त्याला साखळीत जागा नाही, हा नियम. भगत अनातोलिओ त्यात तसूभर सूट देत नाही. त्यामुळे मारलेनी गळ्यात नवाकोरा रुमाल बांधून रोज चौकीवर यायची आणि माझ्याशेजारी बसून कंद सोलायची. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायची. सरावाची शिट्टी झाली की बाकीचे धावत जायचे आणि ही हातात सुरी घेऊन बघत बसायची. दरीच्या कडेची, म्हणजे साखळीची शेवटची जागा तिची होती. तिथूनच रानात उतरणारी पायवाट फुटते. सरावाला ती जागा रिकामी राहायची.

पथकाचा नाईक होता हेरिबेर्तो पेकी. पन्नाशीचा, ताडमाड उंच, कॉफीचा मळा आणि चार लेकी. त्याची चेष्टा केल्याशिवाय दिवस जात नसे आणि त्याला चेष्टा केल्याशिवाय घास उतरत नसे.

"अक्का," तो मला म्हणायचा, "हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

"दोन्ही. तुझ्यासाठी वेगळं कशाला करू?"

मग तो मारलेनीकडे वळायचा. "काय गं, तुझा बाप काठी करतोय की होडी? होडी असेल तर सांग, आम्ही पोहायला शिकतो."

सगळे हसायचे. मारलेनीही हसायची, पण कंदाची साल फार जाड निघायची तिच्या हातून. एकदा हेरिबेर्तो हळू आवाजात मला म्हणाला, "अक्का, ती शेवटची जागा मला बरी वाटत नाही. दात पडल्यासारखं दिसतं. लिसिमाकोला सांग ना तू. तुझं ऐकतो तो."

"सांगते," मी म्हणाले.

मार्चमध्ये मी दाजींकडे मीठ मागायला गेले. ते घरी नव्हते. मीठ चुलीवरच्या माळ्याच्या कोपऱ्यात असतं, रोसाउराच्या वेळेपासून. मी पाटावर चढून हात घातला आणि हाताला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब लागलं. मी ते सोडलं. काठी होती. काळी, गुळगुळीत, चरबी पिऊन चकचकीत झालेली. लाल आणि हिरव्या फिती बांधलेल्या, मुठीपाशी कोरलेला छोटा मका, रोसाउराच्या झोळीवर असायचा तसाच. धुराचा वास असा मुरला होता की ती निदान महिनाभर तिथं असावी. मी ती माझ्या पोटाला लावून बघितली. मारलेनी माझ्याहून दोन बोटं उंच आहे. माप बरोबर होतं.

मी पाटावरून उतरले तेव्हा दाजी दारात उभे होते.

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

"झाली आहे की," मी म्हणाले.

"नाही झाली."

"दाजी, मला डोळे आहेत."

"तोमासा, तीन काठ्या भिंतीला होत्या. तिन्ही मीच केल्या होत्या. तिन्ही मापाला बरोबर होत्या." ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "पोरगी तुझ्याजवळ कंद सोलतेय तोवर ती जिवंत आहे. दुसरं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचं पण नाही."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. सभेनं दिलेली जागा आहे, तुम्ही ती अडवून बसला आहात, आज काठी द्या नाहीतर मी सभेत सांगेन. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला माझी बहीण आठवली, आणि पोरीची वेणी आठवली. मी काठी पोत्यात गुंडाळली, माळ्यावर ठेवली, मीठ घेतलं आणि घरी आले. वाटेत हेरिबेर्तो भेटला. "सांगितलंस का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "लाकूड अजून ओलं आहे म्हणतात."

त्या खोट्याचं ओझं मी रोज उचलते.

एप्रिल लागला तसं वातावरण बिघडत गेलं. पांढरी, नंबरपाटी नसलेली मोठी गाडी दिवसाआड खालून यायची, चौकीच्या वळणाअलीकडे थांबायची आणि मागे वळून जायची. आत कोण आहे ते काळ्या काचांमुळे दिसत नसे. घरांच्या दारांखालून कागद आले. त्यावर लिहिलं होतं, काठीवाल्यांनी रस्ता सोडावा, नाहीतर काठ्या सरपणाला लागतील. आमची कुत्री फुलपाखरावरही भुंकतात. त्या गाडीवर भुंकत नव्हती, शेपूट घालून घरात शिरत होती.

भगत अनातोलिओ एका दुपारी चौकीवर येऊन बसला. कोकाची पानं गालात धरून तो अंगाचं फुरफुरणं वाचतो. उजवीकडचं फुरफुरलं तर रस्ता मोकळा, डावीकडचं फुरफुरलं तर सांभाळा. आम्ही कामं करत होतो आणि चोरून त्याच्याकडे बघत होतो. त्याचा डावा दंड लवला, मग डावी मांडी, मग डाव्या डोळ्याखालचं कातडं. तो उठला, दरीच्या कडेला गेला आणि त्या शेवटच्या रिकाम्या जागेवर पायानं माती दाबली.

"इथं वारा शिरतोय," तो म्हणाला. "लिसिमाकोला सांगा, मला येत्या आठवड्यात काठी तळ्यावर न्यायची आहे. लाकडाची सबब नको."

निरोप दाजींना मीच दिला. ते म्हणाले, "सोमवारी देतो." मला वाटतं, ते खरंच देणार होते. तो दिवस मंगळवार होता.

गुरुवारी बाजार असतो. सकाळी धुकं इतकं होतं की चुलीवरून मला अडसराचा बांबू दिसत नव्हता. आठच्या सुमाराला वरच्या पाड्याचा आवाज रेडिओवर आला. पांढरी गाडी रात्री पलीकडच्या रस्त्यानं वर आली, आरोग्य केंद्रातल्या निदिया नर्सला तिच्यातून नेलंय, गाडी तुमच्याकडे उतरतेय. निदिया सगळ्यांच्या जखमा शिवायची, कुणाच्या ते विचारायची नाही. टोळीला आता तिनं फक्त त्यांच्याच शिवायला हव्या होत्या.

हेरिबेर्तोनं शिट्टी वाजवली. बाजाराच्या मैदानातूनही उत्तराच्या शिट्ट्या आल्या, पण तिथून माणसं वर यायला दहा मिनिटं लागतात. बांबू खाली आला. नऊ जण आडवे उभे राहिले, खडकापासून दरीकडे.

गाडी धुक्यातून आली आणि अडसराला टेकून थांबली. चौघं उतरले. एकानं निदियाचा दंड धरला होता.

"रस्ता सोडा," तो म्हणाला.

"बाई आमची आहे," हेरिबेर्तो म्हणाला. "तिला सोडा, मग रस्ता तुमचाच. वाटलं तर आमची अक्का कॉफी पण देईल. वाईट असते, पण गरम असते."

तो बंदूकवाला हसला नाही. त्यानं साखळीवरून नजर फिरवली. एक, दोन, तीन, अशी पार खडकापासून दरीपर्यंत. आणि ती शेवटी थांबली. नवव्या माणसाच्या, म्हणजे हेरिबेर्तोच्या, पुढे कुणी नव्हतं. त्याच्या काठीचं टोक धरायला कुणी नव्हतं. त्याच्यापलीकडे एका माणसाएवढी मोकळी जागा आणि रानात उतरणारी वाट. तो निदियाला ओढत तिकडे निघाला.

माझ्या शेजारी सुरी खाली पडल्याचा आवाज झाला. मी हात टाकला तर हातात नुसतं रुमालाचं टोक आलं, तेही निसटलं. मारलेनी धावत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. सभेनं दिलेल्या जागेवर, दोन्ही रिकामे हात पसरून.

"मागे हो!" हेरिबेर्तो ओरडला.

"माझी जागा आहे," ती म्हणाली. एवढंच. शाळेत हजेरी द्यावी तसं.

बंदूक वर आली. हेरिबेर्तोनं डाव्या हातातलं शेजाऱ्याच्या काठीचं टोक सोडून दिलं, मारलेनीची वेणी धरली, तिला मागे खेचलं आणि स्वतः त्या जागेवर गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. एकटा दिसला. त्यामुळे काही ठरवावं लागलं नाही.

आवाजानंतर मला वाटलं आता सगळेच जाणार. पण उरलेल्या आठांनी काठ्या सोडल्या नाहीत, उलट एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं. खालून धुक्यातून बाजारातली माणसं वर येऊ लागली. कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या डोक्यावर केळ्यांचा घड. शंभर, मग दोनशे. चौघं निदियाला ढकलून त्याच पायवाटेनं रानात पळाले, गाडीही मागे वळून धुक्यात गेली. निदिया पळाली नाही. ती हेरिबेर्तोपाशी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबून धरली. बराच वेळ धरली. मग तिनं हात काढले आणि आपल्या पांढऱ्या कोटाला पुसले.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी हेरिबेर्तोची बायको एर्सिलिया काठी घेऊन दाजींच्या दारात गेली. मी सोबत होते. दाजींनी दोन्ही हातांनी काठी घेतली. रिवाजाप्रमाणे त्यांनी फिती सोडायला हव्या होत्या, पण बोटं काही चालेनात. मग त्यांनी ती भिंतीला टेकवली, पाटावर चढले, पोतं खाली काढलं आणि दुसरी काठी तिच्याशेजारी उभी केली.

एर्सिलियानं दोन्हींकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही, ती राखणदाराची बायको होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"फेब्रुवारी."

ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सभा भरली. दाजी कुणी न बोलावता पुढे गेले आणि सगळं सांगितलं. रडले नाहीत, सबब सांगितली नाही. "मला माझी पोर जिवंत हवी होती," एवढंच शेवटी म्हणाले. मग मी उठले आणि माझं सांगितलं. मारलेनी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला हे सगळं तिथंच, सगळ्यांसोबत कळलं. तिचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

ज्याचं वाईट झालं तो आधी बोलतो. एर्सिलिया उभी राहिली. दूरवर कुणाचं तरी गाढव ओरडलं.

"मला या माणसाचं रक्त नको," ती म्हणाली. "त्याला फटके देऊन माझ्या लेकींना बाप मिळणार नाही. तोमासानं वर्षभर माझ्या मळ्यातली कॉफी तोडावी, माझ्या एकटीच्यानं होणार नाही. आणि लिसिमाको चोकुए," ती थांबली, "माझ्या नवऱ्याची जागा रिकामी आहे. पोरीची जागा रिकामी ठेवून काय होतं ते तुम्ही बघितलंत. ही रिकामी ठेवू नका."

दाजी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. कुणीतरी पुटपुटलं, म्हातारा आहे, गुडघा दुखतो. एर्सिलिया म्हणाली, "उभंच राहायचंय. हेरिबेर्तो पण उभाच होता." हात वर झाले. सगळे.

सुतळी दाजींच्याच खिशात होती. भगत अनातोलिओनं ती मागून घेतली. दाजींनी एक टोक स्वतःच्या अंगठ्याखाली दाबलं आणि भगतानं दुसरं त्यांच्या बेंबीपर्यंत ताणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माप कुणी घेतलं. हेरिबेर्तो उंच होता. त्याची काठी हातभर उरत होती. करवत आणली आणि दाजींनी सगळ्यांदेखत ती कापली. चोंताचं लाकूड कापताना किंचाळतं. उरलेला तुकडा त्यांनी एर्सिलियाला दिला. तिनं तो झोळीत घातला, आणि संध्याकाळी आपल्या चुलीच्या दगडांपाशी पुरला.

मारलेनीनं आपली काठी बापाच्या हातून घेतली नाही. भगतानं ती पोत्यातून उचलली, तळ्यावर नेली, धुऊन आणली आणि तिला दिली. त्या दिवसापासून ती बापाशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी मावशी म्हणून हाक मारत नाही. आता मी सकाळी एर्सिलियाच्या मळ्यात असते आणि दहानंतर चौकीवर. कंद मी एकटीच सोलते.

परवा दारांखालून पुन्हा कागद आले. या वेळी त्यावर नावं आहेत. दोन चोकुए आहेत, एकाखाली एक. दाजींनी तो कागद वाचला, घडी घातली आणि सुतळीच्या खिशात ठेवला. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले.

भगत काल चौकीवर बसून गेला. जाताना डावा दंड उजव्या हातानं दाबून धरलेला होता.

आज सकाळी धुकं होतं. मी मका चुलीवर चढवला आणि कुत्री शेपूट घालून माझ्या पायांशी आली. मग शिट्टी झाली. मी पळीसकट बाहेर आले. दहा जण खडकापासून दरीपर्यंत उभे राहत होते. दाजी लंगडत नवव्या जागेवर पोचले, त्यांच्यापलीकडे मारलेनी. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. समोर बघतच तिनं डावा हात लांब केला, बापाच्या काठीचं टोक धरलं आणि मूठ आवळली. दाजी तिच्या मुठीकडे बघत होते.

वळणावर पांढरी गाडी हळूहळू दिसायला लागली.